गीतचित्रफीत, विद्यार्थिनिर्मित : प्रकारसंकेत व संकेतभंग

एखाद्या ध्वनिमुद्रित गीताला अनुसरून अथवा त्याच्याशी हेतुतः विसंवाद साधून रचलेली, सामान्यतः तीन ते पाच मिनिटांची चित्रकृती म्हणजे गीतचित्रफीत. चित्रपटातील गीतप्रसंग कथानकाचा अंश असतो; गीतचित्रफीत स्वतःपुरती पूर्ण असते आणि गीताचा कालावधी हीच तिची मर्यादा असते. लहान आवाका, अल्प खर्च आणि ध्वनी आधीच सिद्ध असण्याची सोय ह्यांमुळे चित्रपट व माध्यमविद्येच्या विद्यार्थ्यांना ही निर्मिती प्रारंभीचा अभ्यास म्हणून सोयीची ठरते. तीत प्रत्येक गीतप्रकाराचे रूढ दृश्यसंकेत कसे वापरावेत आणि कोठे व का मोडावेत, हा विद्यार्थ्यापुढील मुख्य प्रश्न असतो. धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्ग व त्याचा परिसर येथे जागरण, गोंधळ, आराधी गीते, पोवाडा, दखनी गीतरचना असे अनेक प्रकार एका ठिकाणी भेटतात. म्हणून ह्या प्रश्नाच्या विवेचनास ते स्थळ विशेष उपयुक्त आहे.

प्रकारसंकेत : कर्ता व प्रेक्षक ह्यांच्यातील अलिखित करार म्हणजे प्रकारसंकेत. लावणीची ढोलकी वाजू लागताच प्रेक्षक नऊवारी लुगडे, घुंगरू व बैठक ह्यांची अपेक्षा करतो. पोवाड्याचा डफ ऐकताच त्याच्या डोळ्यांपुढे गडाचा तट आणि फेटा येतो. संकेतामुळे अल्पावधीत पुष्कळ अर्थ पोचविता येतो, कारण पात्रे, स्थळ व भाव ह्यांची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. चार मिनिटांच्या कृतीत हा लाभ मोठा असतो. मात्र केवळ संकेतांवर विसंबलेली कृती इतर शेकडो कृतींसारखीच दिसते व विसरली जाते.

संकेतांचा विचार भारतीय परंपरेस नवा नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात लोकधर्मी व नाट्यधर्मी असा भेद केलेला आहे. नाट्यधर्मी म्हणजे रंगभूमीने स्वीकारलेली, प्रत्यक्ष व्यवहारापासून दूर गेलेली रीत. आधुनिक काळात स्टीव्ह नील ह्या ब्रिटिश अभ्यासकाने १९८० मध्ये प्रकाराची व्याख्या पुनरावृत्ती व भिन्नता ह्यांच्या मेळातून केली. रिक ऑल्टमन ह्या अमेरिकन अभ्यासकाने १९८४ मध्ये प्रकाराचे दोन स्तर मानले : वेशभूषा, स्थळ, वाद्य इ. ओळखीचे घटक हा एक, आणि त्या घटकांतील परस्परसंबंधांची रचना हा दुसरा. हा भेद विद्यार्थ्यास उपयोगी पडतो. घटक तेच ठेवून रचना बदलता येते, किंवा रचना तीच ठेवून घटक बदलता येतात. दोन्ही एकदम बदलल्यास प्रेक्षकाला मूळ प्रकारच ओळखू येत नाही आणि भंगाचा अर्थही हरवतो.

गीतचित्रफितीच्या संकेतांचे सर्वांत प्रसिद्ध वर्गीकरण अँड्र्यू गुडविन ह्याने १९९२ मध्ये केले. त्याच्या मते प्रत्येक संगीतप्रकाराची दृश्यवैशिष्ट्ये ठरलेली असतात. शब्द व दृश्य आणि संगीत व दृश्य ह्यांत निश्चित नाते असते. गायकाची समीपदृश्ये व त्याची वारंवार येणारी प्रतिमा ही व्यवसायाची गरज असते. पाहण्याच्या क्रियेवर, विशेषतः स्त्रीदेहाकडे पाहण्यावर, भर असतो. आणि इतर चित्रकृतींचे संदर्भ वारंवार येतात. शब्द व दृश्य ह्यांचे नाते तीन प्रकारचे असते. दृश्य शब्दांचेच चित्रण करते, शब्दांच्या अर्थाचा विस्तार करते, किंवा शब्दांशी विसंगत राहते. नवशिका विद्यार्थी बहुधा पहिल्या प्रकारातच राहतो : गीतात पाऊस म्हटला की पडद्यावर पाऊस, डोळे म्हटले की डोळे.

ऐतिहासिक आढावा : गीताला चित्राची जोड देण्याचा व्यापारी प्रयत्न अमेरिकेत १९४० च्या दशकात झाला. उपाहारगृहांतील यंत्रात नाणे टाकल्यावर छोटा गीतपट दिसे. फ्रान्समध्ये १९६० च्या दशकात स्कोपिटोन हे अशाच स्वरूपाचे यंत्र प्रचारात आले. ‘बीटल्स’ ह्या ब्रिटिश गायकवृंदाने १९६६ मध्ये आपल्या गीतांचे प्रसिद्धिपट काढले. ‘क्वीन’ ह्या वृंदाच्या बोहीमियन ऱ्हॅप्सडी (१९७५) ह्या गीताच्या चित्रफितीने हा प्रकार स्थिरावला. १ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत एम्‌टीव्ही ही केवळ गीतचित्रफितींना वाहिलेली वाहिनी सुरू झाली.

भारतात हे कार्य दीर्घकाळ चित्रपटगीतांनीच केले. दूरदर्शनच्या मुंबई केंद्राचा (स्थापना १९७२) छायागीत हा कार्यक्रम व राष्ट्रीय प्रक्षेपणातील चित्रहार ह्यांतून चित्रपटांतील गीतप्रसंग सुटे दाखविले जात. त्यामुळे गीत कथेवेगळे पाहण्याची सवय प्रेक्षकाला लागली. मिले सुर मेरा तुम्हारा (१९८८) ही चित्रपटाबाहेरची गीतचित्रफीत दूरदर्शनमुळे देशभर पोचली. चॅनेल व्ही (१९९४) व एम्‌टीव्ही इंडिया (१९९६) ह्या वाहिन्यांनी चित्रपटेतर गीतांना व्यासपीठ दिले. पुढे यूट्यूब (२००५) आणि भ्रमणध्वनीतील कॅमेरा ह्यांमुळे वाहिनीच्या मान्यतेची गरज उरली नाही. तालुक्याच्या गावातील महाविद्यालयीन गटालाही चित्रफीत तयार करून ती लोकांपुढे ठेवणे शक्य झाले.

शिक्षणक्षेत्रात पुण्याच्या चित्रपट-प्रशिक्षण संस्थेत (स्थापना १९६०, जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात) गीतचित्रण हा दिग्दर्शनाच्या शिक्षणाचा एक भाग राहिला आहे. ब्रिटनमधील उच्च माध्यमिक स्तरावरील माध्यम-अभ्यासाच्या परीक्षेत एकविसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या काळात विद्यार्थ्यांना स्वतःची चित्रफीत तयार करून, तीत रूढ संकेत कोठे वापरले, कोठे विकसित केले व कोठे त्यांना आव्हान दिले, ह्याचे विवरण द्यावे लागे. ह्या प्रश्नामुळे ‘आव्हान’ हा स्वतंत्र गुण मानला जाऊ लागला. त्यातून एक दोषही शिरला : आव्हान द्यायचेच म्हणून संकेत मोडण्याची प्रवृत्ती वाढली.

मराठी परंपरेतील संकेतभंग : महाराष्ट्रातील लोकाविष्कारांत संकेतभंग हा परंपरेचाच भाग आहे. गोंधळात नायक आख्यान सांगत असता साथीदार मध्येच प्रश्न विचारतो, शंका काढतो, विनोद करतो. तमाशात हेच काम सोंगाड्या करतो. भक्तिभावाच्या रचनेतच तिला छेद देणारा आवाज योजलेला असतो.

ह्याहून हेतुपूर्वक केलेला भंग विसाव्या शतकातील जलशांत व लोकनाट्यांत दिसतो. सत्यशोधक व पुढे आंबेडकरी जलशांनी तमाशाचा साचा घेऊन त्यात समाजप्रबोधनाचा आशय भरला. अण्णा भाऊ साठे ह्यांनी अमर शेख व द. ना. गव्हाणकर ह्यांच्यासह १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक स्थापन केले. अण्णा भाऊंनी गणातील गणेशवंदनेच्या जागी मातृभूमी व हुतात्मे ह्यांना वंदन आणले आणि गौळण वगळली. गण हे स्थान त्यांनी राखले, वंदनीय कोण हे बदलले. प्रेक्षकाला गणाची अपेक्षा होती म्हणूनच हा बदल त्याला जाणवला. रचना राखून घटक बदलण्याचे हे उत्तम उदाहरण होय.

मराठी चित्रपटात सांगत्ये ऐका (१९५९), पिंजरा (१९७२), नटरंग (२०१०) इ. चित्रपटांनी लावणीच्या चित्रणाचे संकेत दृढ केले. जब्बार पटेल ह्यांच्या जैत रे जैत (१९७७) ह्या चित्रपटात गीते कथेला विराम देणारी न राहता कथाकथनाचे साधन झाली, ना. धों. महानोर ह्यांची गीते व हृदयनाथ मंगेशकर ह्यांचे संगीत ठाकर समाजाच्या जीवनाशी बांधलेले होते. नागराज मंजुळे ह्यांच्या सैराट (२०१६) ह्या चित्रपटात अजय-अतुल ह्यांच्या भव्य वाद्यवृंदाची साथ, मंदगती दृश्ये, शेतशिवारातील प्रणय असे प्रेमपटाचे सर्व संकेत पूर्वार्धात मनापासून वापरले आहेत. बुलेट व ट्रॅक्टर चालविणारी नायिका हा त्यांतील एक बदल. उत्तरार्धात हा गीतमय सूर मागे पडतो आणि अखेरचे दृश्य निःशब्द राहते. पूर्वार्धातील संगीत इतके विश्वासाने वापरले नसते, तर त्या निःशब्दतेचा आघात एवढा झाला नसता.

चित्रपटाबाहेर, मुंबईतील ‘स्वदेसी’ ह्या हिपहॉप गटाने आदिवासी कार्यकर्ते व लोकगायक प्रकाश भोईर ह्यांच्यासह काढलेली द वारली रिव्होल्ट (२०१९) ही गीतचित्रफीत उल्लेखनीय आहे. हिपहॉपचा मूळ संकेत म्हणजे शहरातील वस्ती व तिचा अभिमान. तो राखून आरे येथील जंगल व त्यातील आदिवासी पाडे हीच मुंबईची मूळ वस्ती होय, अशी मांडणी तीत होते.

नळदुर्ग व त्याचे गीतप्रकार : नळदुर्ग हे तुळजापूर तालुक्यात, सोलापूर–हैदराबाद महामार्गावर, सोलापूरच्या पूर्वेस सु. ४५ किमी. वर बोरी नदीकाठी वसले आहे. तेथील भुईकोट किल्ला बहमनी, आदिलशाही, मोगल व निजाम ह्या सत्तांच्या ताब्यात राहिला. दुसरा इब्राहीम आदिलशाह (कार. १५८०–१६२७) ह्याच्या काळात १६१३ मध्ये बोरी नदीवर किल्ला व रणमंडळ ह्यांना जोडणारा बांध घालण्यात आला. ह्या बांधाच्या पोटात पाणीमहाल आहे. नदी भरून वाहू लागली म्हणजे बांधावरून नर व मादी ह्या नावांचे दोन धबधबे पडतात आणि महालात उभे राहून कोरड्या अंगाने समोरचा जलप्रपात पाहता येतो. उंच उपळी बुरूज व नवबुरूज ही किल्ल्याची अन्य वैशिष्ट्ये होत.

ह्या स्थळी चित्रण करणाऱ्यांपुढे तीन रूढ साचे सहज उभे राहतात. पहिला, प्रणयगीताचा : धबधबा, ओले दगड, खिडकीतील नायिका. दुसरा, वीरगीताचा : उपळी बुरूज, भगवा ध्वज, मंदगतीने धावणारे घोडे, ड्रोनने टिपलेला तट. तिसरा, दैवतगीताचा : भंडाऱ्याची उधळण, दिवट्या, बेभान नृत्य. तिन्हींची छाननी केल्यास संकेत व वास्तव ह्यांतील अंतर दिसते.

वीरगीताचा साचा प्रामुख्याने सह्याद्रीतील गिरिदुर्ग व शिवकाल ह्यांच्याशी निगडित आहे. नळदुर्ग मैदानी प्रदेशातील आदिलशाही स्थापत्याचा नमुना होय. तो साचा जसाच्या तसा येथे लावल्यास किल्ल्याचा स्वतःचा इतिहास झाकला जातो. हा बांध ज्याच्या काळात झाला, तो इब्राहीम आदिलशाह स्वतः गीतकार होता. त्याच्या किताब-ए-नौरस ह्या दखनीतील ग्रंथात रागवार गीते असून त्यांत सरस्वती, गणपती, प्रेषित मुहंमद व गुलबर्ग्याचे संत गेसूदराज ह्या सर्वांचे स्तवन येते. मोतीखान ह्या आपल्या तंबोऱ्यावरही त्याने प्रेमाने लिहिले आहे. नळदुर्ग व परिसरात मराठीबरोबर दखनीही बोलली जाते. किल्ल्याच्या पार्श्वभूमीवर डफाच्या ठेक्यात दखनीचा आवाज आणणारी चित्रफीत पोवाड्याचा संकेत मोडील; परंतु तो भंग स्थळाच्या इतिहासातूनच आलेला असेल. वीरगीतालाही येथे निकटचा विषय आहे : १९४८ मध्ये हैदराबाद संस्थानावरील पोलीस कारवाईच्या पहिल्याच दिवशी, १३ सप्टेंबर रोजी, सोलापूरकडून आलेल्या भारतीय सैन्याने नळदुर्ग येथील बोरी नदीवरचा पूल ताब्यात घेतला.

दैवतगीतांच्या बाबतीत परिसर समृद्ध आहे. जवळचे अणदूर व नळदुर्ग ही खंडोबाची संयुक्त स्थाने होत. एकच मूर्ती सु. सव्वादहा महिने अणदूर येथे व सु. पावणेदोन महिने नळदुर्ग येथे असते. पौष पौर्णिमेस नळदुर्गला मोठी यात्रा भरते. मूर्ती एका गावाहून दुसऱ्या गावी नेण्याच्या प्रथेत निरोप, प्रवास व आगमन असे नाट्य आहे. रूढ चित्रणात मात्र बहुधा यात्रेतील गर्दी व भंडारा एवढेच येते. मूर्ती गेल्यानंतरचे रिकामे देऊळ, वाट पाहणारे गाव व परतीचा रस्ता ही दृश्ये दैवतगीताच्या उत्सवी संकेताला विरहगीताची जोड देऊ शकतात.

खंडोबाच्या जागरणात वाघ्या व मुरळी ही मुख्य पात्रे, तर दिमडी, तुणतुणे व घंटी ही वाद्ये असतात. तुळजाभवानीच्या गोंधळात संबळ, तुणतुणे व झांज आणि हाती पेटता पोत किंवा दिवटी असते. गळ्यात कवड्यांच्या माळा असतात. गोंधळ्यांत कदमराई व रेणुराई असे भेद असून कदमराई हे तुळजाभवानीशी संबद्ध मानले जातात. गोंधळाची रचना ठरलेली असते : चौक मांडून देवीची स्थापना, निरनिराळ्या देवतांना गोंधळास येण्याचे आवाहन, गण, आख्यान व आरती. रात्रभर चालणारा हा विधी चार मिनिटांत बसविताना व्यावसायिक चित्रफीत त्यातील केवळ उत्कर्षबिंदू उचलते आणि पोताच्या ज्वाळा व संबळाचा कडकडाट एवढेच दाखविते. विद्यार्थ्याला येथे रचनेच्या पातळीवर वेगळा मार्ग घेता येतो. मध्यरात्री पोत विझू नये म्हणून तेल घालणारा हात, भिंतीला टेकून पेंगणारी मुले, चहाचे पातेले, पहाटेची आरती ह्यांतून रात्रीचा काळ सरकताना दाखविल्यास तोच विधी अधिक खरा वाटतो.

मुरळीचे चित्रण : सर्वांत गंभीर प्रश्न मुरळीच्या चित्रणात येतो. पडद्यावरील संकेतानुसार मुरळी ही झळाळत्या पिवळ्या वेशातील, कॅमेऱ्याकडे पाहून नाचणारी तरुणी असते. तिचे मूळ लहान मुली खंडोबाला वाहण्याच्या प्रथेत आहे. ह्या प्रथेतील मुलींचे विवाह, वारसा व मान हे सर्व हिरावले जाई आणि त्यांचे शोषण होई. शिवराम जानबा कांबळे ह्यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सोमवंशीय मित्र ह्या पत्रातून ह्या प्रथेविरुद्ध मोहीम चालविली. मुली देवाला वाहण्यास प्रतिबंध करणारा मुंबई देवदासी संरक्षण कायदा १९३४ मध्ये झाला व महाराष्ट्र देवदासी प्रथा (निर्मूलन) अधिनियम २००५ चा आहे.

आज जागरणात मुरळीची भूमिका कलावंत म्हणून करणाऱ्या स्त्रिया आहेत. त्यांची कला व उपजीविका हीही तितकीच खरी आहे. त्यामुळे विद्यार्थ्यापुढे दुहेरी पेच उभा राहतो. रूढ संकेत वापरला तर शोषणाच्या इतिहासावर शोभेचे आवरण चढते. केवळ दैन्य दाखविले तर आज मंचावर सन्मानाने गाणाऱ्या स्त्रीला पुन्हा बळीच्या भूमिकेत ढकलले जाते. ह्या पेचातून काढावयाची वाट बहुधा दृष्टिकोनाची असते. कॅमेरा तिच्या देहाऐवजी तिच्या आवाजाकडे, तालावरील पकडीकडे व तिच्या नजरेकडे वळविता येतो. ती कोणाकडे पाहते, कोणत्या क्षणी पाहणे टाळते आणि कार्यक्रम संपल्यावर चाळ सोडून ठेवते तेव्हा तिचा चेहरा कसा होतो, हे दाखविता येते. गुडविनने सांगितलेला पाहण्याचा संकेत येथे उलटा होतो व पाहणाऱ्यालाच पाहिले जाते. अशा चित्रणास त्या कलावंत स्त्रीची समजून दिलेली संमती आणि शक्य तेथे तिचा सल्ला आवश्यक असतो.

निर्मितिप्रक्रिया : कामाचा प्रारंभ संकेतांच्या यादीने करणे हिताचे असते. निवडलेल्या प्रकारातील दहा-बारा चित्रफिती पाहून वेश, स्थळ, प्रकाश, कॅमेऱ्याची हालचाल, संकलनाची गती व पात्रांची नाती ह्यांची नोंद केली, म्हणजे कोणता घटक सर्वत्र आहे व कोणता ऐच्छिक आहे हे कळते. त्यानंतर मोडावयाचा संकेत एकच, फार तर दोन निवडावेत. बाकीचे संकेत नीट पाळले म्हणजे मोडलेला संकेत उठून दिसतो. भंग कोठे करावयाचा हेही महत्त्वाचे असते. पहिल्या कडव्यात अपेक्षा दृढ करून दुसऱ्या वा तिसऱ्या कडव्यात ती मोडल्यास परिणाम अधिक होतो.

गीताची गती मोजून आराखडा करावा. मिनिटास १२० मात्रांच्या गतीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची होते; केरव्याच्या आठ मात्रांचे आवर्तन ४ सेकंदांचे, म्हणजे सेकंदास २५ चौकटींच्या हिशेबाने १०० चौकटींचे, तर दादऱ्याच्या सहा मात्रांचे आवर्तन ३ सेकंदांचे, म्हणजे ७५ चौकटींचे असते. दर समेवर शॉट बदलणे हा रूढ संकेत होय. चार मिनिटांच्या केरव्यातील गीतात दर आवर्तनास एक शॉट धरल्यास ६० शॉट लागतात. सम टाळून खालीवर शॉट बदलल्यास अस्वस्थता निर्माण होते. संपूर्ण कडवे एकाच अखंड शॉटमध्ये ठेवल्यास प्रेक्षकाचे लक्ष संकलनावरून गायकावर येते. अशा निवडीस खर्च लागत नाही, सराव मात्र पुष्कळ लागतो.

चित्रणस्थळी ध्वनिमुद्रित गीत वाजवून गायकाने त्यावर ओठ हलवावयाचे असतात. धबधब्याजवळ तेथील ध्वनी मुद्रित करणे जवळजवळ अशक्य असल्याने ही पद्धत तेथे अपरिहार्य ठरते. गायकास गीत ऐकू येईल अशी सोय मात्र करावी लागते. मंदगती दृश्यात ओठ गीताशी जुळावयास हवे असतील, तर गीत दुप्पट गतीने वाजवून सेकंदास ५० चौकटींनी चित्रण करतात व ते २५ चौकटींनी दाखवितात. त्यामुळे देहाच्या हालचाली निम्म्या गतीने होतात आणि ओठ मात्र मूळ गीताशी जुळतात. नर-मादी धबधबे बोरीला पुरेसे पाणी असतानाच वाहतात, तर खंडोबाची यात्रा पौषात भरते. म्हणून दोन्ही दृश्ये हवी असल्यास आराखडा एका शैक्षणिक वर्षात आधीपासून बसवावा लागतो. कोरड्या बांधावर केलेले प्रणयगीताचे चित्रण हाही एक अर्थपूर्ण भंग होऊ शकतो. दुष्काळ अनुभवलेल्या ह्या जिल्ह्यात त्याचा अर्थ प्रेक्षकाला समजावून सांगावा लागत नाही.

कायदा व दायित्व : ध्वनिमुद्रित गीतात शब्द, स्वररचना व ध्वनिमुद्रण ह्यांचे हक्क वेगवेगळे असतात. प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ मध्ये अध्यापनाच्या ओघात केलेल्या वापरास आणि विद्यार्थी, शिक्षक व पालक ह्यांच्यापुरत्या मर्यादित सादरीकरणास काही सूट आहे. जालावरील सार्वजनिक प्रसारण त्या सुटीत बसत नाही. पारंपरिक गीत सर्वांचे असले, तरी विशिष्ट गायकाने गायिलेले त्याचे ध्वनिमुद्रण सर्वांचे नसते. म्हणून गावातील गोंधळी वा वाघ्यांकडून गीत नव्याने गाऊन घेणे हा उत्तम मार्ग होय. मात्र त्यांना मानधन व श्रेयनामावलीत स्थान मिळाले पाहिजे. किल्ला हे संरक्षित स्मारक असल्याने चित्रणासाठी पूर्वपरवानगी लागते. ड्रोनच्या वापरास ड्रोन नियम, २०२१ लागू होतात.

विधीच्या संदर्भात आणखी एक मर्यादा पाळावी लागते. गोंधळ व जागरण हे यजमानाच्या घरचे कुलधर्म आहेत. तेथे कॅमेरा हा पाहुणा असतो. चित्रणासाठी विधी थांबविणे, पुन्हा करावयास लावणे किंवा त्याचा क्रम बदलणे अनुचित ठरते. पुनर्निर्मित विधी हवा असल्यास तो स्वतंत्रपणे, कलावंतांच्या संमतीने व तसे स्पष्ट करून योजावा.

मूल्यमापन : विद्यार्थ्याच्या गीतचित्रफितीचे मूल्य तीत किती संकेत मोडले ह्या मोजणीवर ठरत नाही. मोडलेला संकेत प्रेक्षकाला आधी ओळखू आला काय, त्या भंगातून गीताचा अर्थ वाढला काय, आणि ज्यांची कला वा जीवन पडद्यावर आले त्यांना ते आपले वाटले काय, ह्या तीन प्रश्नांची उत्तरे अधिक महत्त्वाची असतात. तिसऱ्या प्रश्नासाठी चित्रफीत प्रथम त्या गावातच दाखविण्याची रीत उपयुक्त ठरते. वर्गातील परीक्षक चुकलेला ओष्ठमेळ दाखवून देतो. अणदूर-नळदुर्गचा वाघ्या चुकलेला विधिक्रम, उलट्या हातात धरलेली दिमडी किंवा भलत्या वेळी उधळलेला भंडारा दाखवून देतो. संकेत ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपला त्यांच्याकडून तो शिकून घेतलेल्या विद्यार्थ्यालाच त्यात बदल करण्याचा अधिकार प्राप्त होतो, आणि असा बदल कालांतराने परंपरेत स्वीकारलाही जातो. गणातील वंदनेचे स्थान राखून वंदनीय बदलणाऱ्या लोकनाट्याचा इतिहास ह्याची साक्ष देतो.